पार्श्वभूमी: जुने गोव्याचा ऑगस्टिनियन मठ आणि राणी केतेवानचे अवशेष

जुने गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवरचा अर्धा मनोरा पाहिला की हे सगळं कुठल्या तरी स्वारीत पडलं असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात हा मठ एका सरकारी हुकमाने ओस पडला. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी राजवटीने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली आणि पुढच्या वर्षी तो हुकूम गोव्यात अमलात आला. १५७२ पासून गोव्यात असलेल्या ऑगस्टिनियन या ख्रिस्ती धर्मसंघाच्या संन्याशांना मठ सोडावा लागला. १५९७ ते १६०२ या काळात उभं राहिलेलं त्यांचं चर्च तेव्हापासून बेवारस झालं.

चिऱ्याच्या इमारतीची दरवर्षीची डागडुजी थांबली की काय होतं, हे कोकणात आणि गोव्यात कुणाला सांगायला नको. छपरात पाणी मुरतं, भेगांत झाडं रुजतात. हुकूम गोव्यात अमलात आल्यापासून सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं कमानदार छत कोसळलं. घंटा वाचली. ती आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. आजही ती तिथेच आहे. दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा १९३१ मध्ये पडला, आणखी काही भाग १९३८ मध्ये. मूळचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ही वास्तू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत राहिली, आणि ती वाचवण्याइतका पैसा किंवा इच्छा कोणत्याच राज्यकर्त्याकडे दिसली नाही.

१९८६ मध्ये गोव्याची चर्चेस आणि मठ जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसायला घेतला. चर्च पुन्हा बांधायचं नाही, उभं आहे ते पक्कं करायचं आणि गाडलेलं उघडं करायचं, असं धोरण राहिलं, आणि ते योग्यच होतं. ढिगाऱ्याखालून बाजूची प्रार्थनाघरं, वेद्या, कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा आणि भिंतींवरच्या रंगीत पोर्तुगीज फरशा बाहेर आल्या. पण या कामाला खरी गती दिली ती दूरच्या जॉर्जिया देशातून आलेल्या एका मागणीने: आमच्या राणीचे इथे ठेवलेले अवशेष शोधा.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान ओलीस म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या ताब्यात गेली होती. धर्म सोडायला तिने नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ इथे तिचे हाल करून तिला मारण्यात आलं. तिथे राहणाऱ्या ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे अवशेष लपवून ठेवले आणि त्यांतले काही १६२७ मध्ये गोव्याला आणले. जॉर्जियाच्या चर्चसाठी ती संत आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत जागाही नोंदवलेली होती: मठाच्या सभाप्रार्थनाघरात (संन्याशांच्या सभा जिथे भरत त्या प्रार्थनाघरात), वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला, दुसऱ्या खिडकीत, काळ्या दगडाच्या पेटीत. अडचण एवढीच की छत पडून खिडक्याच नाहीशा झाल्या होत्या आणि सभाप्रार्थनाघर नेमकं कोणतं, हेच आधी ठरवायचं होतं. १९८० च्या दशकाअखेरपासून पथकं येत राहिली. २००४ मध्ये ती खोली निश्चित झाली आणि हाताचं एक लांब हाड मिळालं.

ते राणीचंच कशावरून? इथे जरा थांबायला हवं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत आईकडून येणाऱ्या डीएनएची तपासणी झाली आणि २०१३ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडात यू१बी हा वंशगट, म्हणजे आईच्या बाजूने एकाच मुळाशी जाणाऱ्या माणसांची डीएनए-खूण, आढळला. भारतातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत तो कुठेच नव्हता. जॉर्जियातल्या ३० नमुन्यांपैकी दोघांत होता. संशोधकांनी कागदपत्रं, उत्खनन आणि डीएनए एकत्र ठेवून हे हाड राणीचं असण्याची शक्यता दाट आहे, असं म्हटलं. शब्द मोजून वापरले होते. हा वंशगट जॉर्जियाच्या आसपासच्या प्रदेशांतही सापडतो. माणूस त्या भागातला, एवढं डीएनए सांगतो. तो माणूस कोण, हे सांगायला कागदपत्रंच लागतात. माझ्या मते पुरावा भक्कम आहे, पण तो भक्कम आहे तिन्ही धागे जुळल्यामुळे. बातम्यांत मात्र ‘डीएनएने सिद्ध’ एवढंच उरलं.

पुढचं सगळं वेगाने झालं. २०१७ मध्ये अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियाला पाठवले गेले, तिथे दर्शनाला लोक लोटले, मुदत वाढली आणि वर्षभराने ते परत आले. जुलै २०२१ मध्ये अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा देण्यात आला. यावर मतभेद आहेत. संरक्षित स्मारकात सापडलेली वस्तू देशाबाहेर कायमची जाऊ नये, असं एक म्हणणं. ज्यांच्यासाठी ती पूज्य आहे त्यांना ती मिळावी, हे दुसरं. मला दुसरं पटतं, कारण केतेवानचे अवशेष एका परक्या देशातल्या संन्याशांनी जिवावर उदार होऊन जपले होते ते श्रद्धेपोटीच. शिवाय सगळे अवशेष गेलेले नाहीत.

खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. या मठाचं नाव निघालं की बोलणं एका हाडावर येतं आणि तिथेच संपतं. इथून संन्यासी इराणला आणि बंगालला जात होते. इतकी मोठी वास्तू चालवायला लागणारे गवंडी, सुतार, आचारी याच मुलखातले असणार. जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर दर पावसाळ्यात शेवाळ चढतं आणि अक्षरं झिजतात. त्या सगळ्या शिळांचं वाचन मराठीत आणि कोंकणीत सहज मिळेल असं छापलं जायला हवं, अक्षरं लागताहेत तोवर.