एचआयव्ही आणि म्हातारपण

‘एचआयव्ही झाला की माणूस म्हातारपण पाहत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. एकेकाळी ते बऱ्याच अंशी खरे होते, म्हणूनच ते मनात घट्ट बसले. पण १९९६च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले. ते लवकर सुरू करून नियमित घेतले, तर आयुर्मान आता जवळपास इतरांइतकेच असते.

खरी काळजी वेगळीच आहे. विषाणू दबला तरी शरीरात सौम्य दाह राहतो. हृदयविकार, हाडांची झीज, स्नायूंचा अशक्तपणा थोडे लवकर गाठू शकतात. त्यामुळे व्हायरल लोडबरोबर (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाबरोबर) रक्तदाब आणि साखरही तपासत राहा. स्नायूंची ताकद पाहायला हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसा. १५ सेकंदांहून जास्त लागले, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा.