लबाडी मनात आली कधी? फसवणूक आणि न्यासभंग यांतला फरक

समजा, एका ओळखीच्या माणसाने रविवारच्या लग्नासाठी तुमचा कॅमेरा मागून नेला आणि परत न करता विकून टाकला. तुम्ही म्हणाल, फसवलं. कायदा मात्र आधी विचारतो: कॅमेरा नेताना त्याच्या मनात काय होतं? गिऱ्हाईक शनिवारीच ठरलं होतं आणि लग्न ही निव्वळ थाप होती, तर ती फसवणूक. लग्न खरंच होतं, फोटोही काढले आणि सोमवारी नियत फिरली, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार. कॅमेरा तोच, नुकसानही तेवढंच, पण गुन्हा वेगळा.

फसवणुकीत खोटं आधी येतं, वस्तू मागाहून हातात पडते. १८६० च्या जुन्या भारतीय दंड संहितेत तिची व्याख्या कलम ४१५ मध्ये होती आणि मालमत्ता उकळण्याची शिक्षा ४२० मध्ये. ‘चारसोबीस’ हा शब्द तिथूनच आला. १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू आहे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात. सिद्ध काय करायचं, ते फारसं बदललेलं नाही. आरोपीने खोटं सांगितलं किंवा लबाडीने खरं दडवलं, सुरुवातीपासूनच त्याचा हेतू अप्रामाणिक होता, तुम्ही त्या बोलण्यावर विसंबलात आणि म्हणूनच वस्तू किंवा पैसे दिलेत. हा ‘म्हणूनच’ फार महत्त्वाचा. खरी परिस्थिती आधीच माहीत असून पैसे दिले असतील, तर साखळी तिथेच तुटते.

त्या जुन्या संहितेतलं निळीचं उदाहरण मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटतं. अमुक इतकी नीळ देतो, असं सांगून एकाने आगाऊ पैसे घेतले. द्यायची नव्हतीच, तर फसवणूक. पैसे घेताना द्यायचा इरादा होता आणि नंतर शब्द मोडला, तर फक्त कराराचा भंग. त्यासाठी दिवाणी दावा. सर्वोच्च न्यायालयानेही २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हेच सांगितलं: पुढे वचन पाळलं नाही, एवढ्यावरून सुरुवातीपासून लबाडी होती असं गृहीत धरता येत नाही.

न्यासभंगात क्रम उलटा. वस्तू सरळ मार्गाने हाती आलेली असते, मालकी मात्र तुमचीच राहते. गोदामात ठेवायला दिलेलं सामान गोदामवाल्याने विकलं, कारकुनाने जमा झालेली रक्कम खिशात घातली, ही त्याची ठळक रूपं. न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली साध्या न्यासभंगाला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. लोकसेवक, बँकर किंवा एजंट असेल, तर जन्मठेपेपर्यंत. मालमत्ता उकळणाऱ्या फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

‘सोपवणं’ हा इथला कळीचा शब्द, आणि लोक नेमके इथेच चुकतात. उधारीवर माल विकला की मालकी घेणाऱ्याकडे जाते. सोपवलेलं काही उरत नाही. दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांसाठी पुरवलेल्या धान्याचं बिल थकलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथला न्यासभंगाचा आरोप टिकू दिला नाही. त्याच तथ्यांवर दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, हेही बजावलं. तरीही जुन्या संहितेतली ४०६ (न्यासभंगाची शिक्षा) आणि ४२० ही जोडी सवयीने लावली जाते, आणि त्याची किंमत खऱ्या पीडिताला मोजावी लागते: वर्षं जातात आणि शेवटी फिर्यादच रद्द होते.

म्हणून फिर्याद लिहिताना ‘विश्वास ठेवला, पैसे बुडाले’ एवढ्यावर थांबू नका. पैसे देण्याआधी समोरचा नेमकं काय म्हणाला, कोणता कागद दाखवला, त्यातलं काय तेव्हाच खोटं होतं, हे तारखांसह लिहा. एकच फ्लॅट आधीच दुसऱ्याला विकलेला असणं, हा सुरुवातीच्या हेतूचा भक्कम पुरावा. फोन उचलत नाही, हा नव्हे. आणि आपल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत आधी शोधायची ती विक्रीची जाहिरात. ती शनिवारी टाकली होती की सोमवारी, ते पाहायचं.