जुन्या गाडीतला दोष: सिद्ध कोणी करायचा?

घेतलेली जुनी गाडी महिन्याच्या आत बंद पडली की भांडण दुरुस्तीच्या खर्चावरून सुरू होतं. निवाडा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर होतो: हा दोष विक्रीच्या दिवशी गाडीत होता का, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? ग्राहकाच्या हक्कांचा इतिहास म्हणजे बराचसा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

प्राचीन रोममध्ये बाजारावर ईडाइल या अधिकाऱ्यांची देखरेख असे. गुलाम आणि जनावरं विकणाऱ्याने त्यांचे आजार आणि खोडी आधीच सांगितल्या पाहिजेत, असं त्यांचं फर्मान होतं. लपलेला दोष निघाला तर सहा महिन्यांत व्यवहार मोडून पैसे परत मागता येत, किंवा वर्षभरात किमतीतला फरक मागता येई. ‘मला माहीत नव्हतं’ ही विक्रेत्याची सबब चालत नसे. माणसांना जनावरांच्या ओळीत बसवणाऱ्या व्यवस्थेत हा नियम जन्मला हे विसरू नये. पण पैसे परत आणि किंमत कमी हे आजचे दोन्ही उपाय त्यात आहेत. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात हे तत्त्व इतर मालालाही लागू झालं.

इंग्लंडने उलटी वाट धरली. १६०३ मध्ये एका सोनाराने ‘बेझोअर’ म्हणून शंभर पौंडांना विकलेला खडा खोटा निघाला. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा. न्यायालय म्हणालं, विक्रेत्याने नुसतं ‘हा बेझोअर आहे’ म्हणणं म्हणजे हमी नव्हे. घेणाऱ्याने बघून घ्यावं, हा दंडक पुढे जवळपास तीनशे वर्षं टिकला. १८९३ च्या मालविक्री कायद्याने त्याला मोठं भगदाड पाडलं: व्यापारी म्हणून माल विकणाऱ्यावर तो कामाला योग्य असल्याची जबाबदारी आली. हौशी किंवा खासगी विक्रेता मात्र बाहेरच राहिला आणि अजूनही बहुतेक ठिकाणी बाहेरच आहे.

पण जुन्या गाडीच्या बाबतीत ‘योग्य’ म्हणजे किती योग्य? याचं उत्तर इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर आलेल्या दोन जॅग्वार गाड्यांमधून बरंचसं घडलं. १९६५ च्या प्रकरणात डीलरने क्लचमध्ये थोडं काम असल्याचं आधीच सांगितलं होतं आणि त्यापोटी २५ पौंड कमी घेतले होते. काम निघालं बरंच मोठं. ग्राहक हरला, जुनी गाडी रस्त्यावर सुरक्षित चालत असेल तर ती पुरेशी योग्य, दुरुस्त्या आज ना उद्या निघणारच, असं न्यायालयाचं म्हणणं. १९७५ च्या प्रकरणातली जॅग्वार आठ वर्षांची, ८२ हजार मैल धावलेली होती. तीन आठवड्यांत, सुमारे २३०० मैलांनंतर तिचं इंजिन जाम झालं आणि या वेळी ग्राहक जिंकला. त्याच्या बाजूने एक मोलाची साक्ष होती: गाडीच्या आधीच्या मालकाने येऊन सांगितलं की विक्रीच्या वेळीच इंजिन संपत आलेलं होतं. अशी साक्ष द्यायला जुना मालक किती जणांना सापडणार?

बोललेल्या शब्दाचं वजनही कोण बोलतं यावर ठरलं. १९५७ मध्ये एका खासगी माणसाने कागदपत्रांवर विसंबून आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून डीलरला दिली. ती १९३९ ची निघाली. डीलर हरला, कारण खरं शोधण्याची साधनं त्याच्याचकडे जास्त होती. १९६५ मध्ये एका डीलरने बेंटली विकताना सांगितलं की इंजिन बदलल्यापासून ती २० हजार मैल चालली आहे. प्रत्यक्षात ती एक लाखाच्या आसपास धावली होती. इथे डीलरचं बोलणं कराराचाच भाग ठरलं. खासगी विक्रेताही प्रत्येक वेळी सुटला असं नाही. १९६७ मध्ये ‘१९६१ ची हेरल्ड’ अशी जाहिरात देऊन विकलेली गाडी दोन वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे भाग जोडून बनवलेली निघाली. वर्णनाप्रमाणे माल नाही, म्हणून खासगी विक्रेत्यालाही भरपाई द्यावी लागली, जरी बिचाऱ्यालाही त्याची कल्पना नव्हती.

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने हा गुंता आकड्यांत मांडला. खराब गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. चांगली कोणती आणि लेमन कोणती हे फक्त विकणाऱ्याला कळत असेल, तर घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही, आणि बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुद्दा कायद्याच्याही कामाचा होता: माहिती सांगायला लावल्याने एका ग्राहकाबरोबर सगळा बाजारच वाचतो.

अमेरिकेत नेमकं हेच घडवायचा प्रयत्न फसला. गाडी कमी धावल्याचं दाखवण्यासाठी मीटर मागे फिरवण्याविरुद्ध १९७२ मध्ये केंद्रीय कायदा झाला होता. १९८१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने नियम केला की डीलरने आपल्याला माहीत असलेले मोठे दोष गाडीच्या काचेवरच्या पत्रकात लिहावेत. डीलरांच्या संघटनांनी जोर लावला आणि १९८२ मध्ये संसदेने तो नियम फेटाळला. पुढच्याच वर्षी अशा प्रकारे फेटाळण्याचा अधिकारच घटनाबाह्य ठरला. तरीही कमिशनने १९८४ मध्ये नियम पुन्हा आणला तेव्हा त्यातून माहीत असलेले दोष सांगण्याची अट गायब होती. उरलं ते पत्रक: वॉरंटी आहे, की गाडी ‘जशी आहे तशी’ विकतो आहोत. इतक्या लढाईनंतर हाती आलेला हा ऐवज फारच किरकोळ म्हणावा लागेल. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी पुढे जुन्या गाड्यांसाठी स्वतःचे वॉरंटी कायदे केले.

युरोपने दोष सांगण्यापेक्षा सिद्ध करण्याच्या जबाबदारीला हात घातला. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जाऊ लागलं. नव्हता हे व्यापाऱ्याने दाखवायचं. जुन्या मालावरची दोन वर्षांची जबाबदारी, त्या देशाच्या कायद्याने मुभा दिली असेल तर, कराराने कमी करता येते, पण एका वर्षाखाली नाही. चार महिन्यांत पेटलेल्या एका जुन्या गाडीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की ग्राहकाने बिघाडाचं कारण शोधून देण्याची गरज नाही. २०२२ पासून सहा महिन्यांची ही मुदत वर्षाची झाली. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात तीस दिवसांत सदोष माल परत करून पूर्ण पैसे घेण्याचा हक्क आहे. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी, आणि तीही फसली तर पुन्हा परतीचा मार्ग. मात्र तेव्हा केलेल्या वापरापोटी पैसे कापायचे तर इतर वस्तूंना पहिले सहा महिने मनाई आहे, मोटारगाडीला नाही.

भारताने १९३० चा मालविक्री कायदा इंग्रजी कायद्यावरूनच घेतला, १९८६ मध्ये ग्राहकांसाठी वेगळे मंच आले आणि २०२० पासून नवा ग्राहक कायदा लागू आहे. डीलरांसाठी २०२२ च्या अखेरीस आलेल्या नियमांनी नोंदणी आणि गाडी डीलरकडे असतानाच्या मधल्या काळातल्या जबाबदारीचा प्रश्न सोडवला; गाडीच्या दर्जाचा त्यात विचार नाही.

हक्क वाढले तशा पळवाटाही निघाल्या. २००२ पासून जर्मनीत डीलरला ग्राहकाशी करार करताना जबाबदारी झटकता येईना. तेव्हा काहींनी गाडी जुन्या मालकाच्या नावावरच ठेवून, आपण केवळ मध्यस्थ असल्याचं दाखवून विकायला सुरुवात केली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने कसोटी घालून दिली: गाडी विकली न जाण्याचा किंवा कमी भावात जाण्याचा धोका प्रत्यक्षात कोण उचलतो ते बघायचं. जुन्या मालकाला किमान रकमेची हमी डीलरने दिलेली असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, विक्रेता तोच.