मीठ पाझरलं, की कपाटाकडे बघा

जुलैतल्या एका सकाळी ठाण्याहून मावशीचा फोन आला, "अरे, टेबलाला घाम फुटलाय!" रात्रभर २२ अंशांवर एसी चालला होता. सकाळी जरा हवा खेळू दे म्हणून तिनं खिडक्या उघडल्या, आणि पूजा आटोपून येते तो काय, शिसवी टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटावी इतकी ओल. छत गळत नव्हतं, कुणी काही सांडलंही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तोवर निदान करून टाकलं होतं की लाकूड कच्चं निघालं, आतलं पाणी सुटतंय.

पाणी आलं होतं खिडकीतून. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प असतं. २२ अंशांच्या हवेत मात्र १९ ग्रॅमच्या वर ते फारसं मावत नाही. बाहेरची हवा गार टेबलाला टेकली की वरचे तीन-चार ग्रॅम तिथंच टाकते. गार ताकाचा पेला बाहेरून ओला होतो, तसंच हे. एसी बंद केल्यावर तासभर पंखा लावून खोली बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच खिडक्या उघडायच्या.

ही ओल फडक्यानं टिपली की काम झालं. जास्त छळतं ते न दिसणारं पाणी.

लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या बनलेल्या असतात. या धाग्यांवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि हवेतला पाण्याचा रेणू तिथं हायड्रोजन बंधानं चिकटतो. असे रेणू शिरत गेले की धागे एकमेकांपासून दूर सरकतात. घट्ट बांधलेला खराटा घ्या आणि त्यात आणखी हीर खोचत जा. खराटा जाड होईल, उंच होणार नाही. धागेही बहुतेक खोडाच्या उंचीच्या दिशेनंच असतात, म्हणून फळी लांबीला जवळजवळ वाढतच नाही, रुंदीला फुगते. त्यातही वर्तुळाकार वलयांच्या कडेकडेनं ती जितकी फुगते, त्याच्या निम्मीच गाभ्याकडून सालीकडे. सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी, तिचा ओलावा (कोरड्या लाकडाच्या वजनाच्या किती टक्के पाणी) १० टक्क्यांवरून १८ वर गेला, तर वलयांच्या दिशेनं सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते. खण अडकायला तेवढं पुरे! सुतार येऊन रंधा मारून जातो आणि डिसेंबरात त्याच खणाला फट पडते. पावसाळ्यात रंधा मारू नका, एवढं तरी ऐकाच.

ओलावा २८-३० टक्क्यांच्या पुढे गेला की गंमत संपते. पेशींच्या भिंती तृप्त झालेल्या असतात, पुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं आणि फुगणं थांबतं. घरात आपण या हद्दीच्या बरेच अलीकडे असतो. हवेची आर्द्रता ५० टक्के असताना लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ९० टक्के असताना २० च्या. शिवाय सुकत येणारं लाकूड त्याच आर्द्रतेला भिजत जाणाऱ्या लाकडापेक्षा थोडं जास्त पाणी धरून ठेवतं, म्हणून पाऊस गेला तरी खण लगेच सैल होत नाही. रात्री कपाट 'कट्' करून वाजतं तेही या फुगण्या-आकसण्यात सांधे सरकल्यामुळं. त्यासाठी दाराला लिंबू-मिरची नको.

जुन्या सुतारांना हे सगळं हाताला ठाऊक होतं. पॅनेलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडलेली असते, ना खिळा ना सरस. तिला फुगायला जागा असते. आता 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणून जे कोटिंग विकतात, ते बाष्पाचा वेग कमी करतं, अडवत नाही. आणि टेबलाला नुसतं वरून पॉलिश करून खालची बाजू कोरडी सोडली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगानं फुगतात आणि फळी वाकते. लाकडाचा भुसा सरसात दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाबद्दल काय बोलावं. तो एकदा फुगला की परत येत नाही.

बुरशीचं गणित वेगळं. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बुरशी धरते, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे एवढी आर्द्रता टिकतेच. मोजायला यंत्र नसलं तरी स्वयंपाकघरात मीठ असतं. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळू लागतं, म्हणजे मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की बुरशीची वेळ जवळ आली. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, नुसता वास देतात. कॅल्शियम क्लोराइडचे डबे खरंच पाणी ओढतात, पण कपाटाचं दार नीट बंद होत असेल तरच. नाहीतर अख्ख्या ठाण्याची हवा सुकवायला बसल्यासारखं होतं.

मावशीनं त्या दिवशी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. मागून गेल्या वर्षीचं कॅलेंडर निघालं, मार्चपासून पुढचे महिने हिरवेगार.