परिचारिकांचे निरंतर शिक्षण (पुणे)

राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेल्या परिचारिका व परिचारक नोकरीत आल्यावर जे पुढचे शिक्षण घेतात आणि त्यातून त्यांचे पद, वेतन किंवा कामाची कक्षा जी वाढते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. वॉर्डातल्या अर्ध्या तासाच्या क्लासपासून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत सगळे यात येते. पुण्यात शिकण्याच्या जागांची वानवा नाही. सरकारी ससून, ट्रस्टची केईएम, जहांगीर, रुबी हॉल, दीनानाथ मंगेशकर ही रुग्णालये, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे परिचर्या महाविद्यालय, शिवाय भारती विद्यापीठ आणि सिंबायोसिस यांची महाविद्यालये एकाच शहरात आहेत. प्रश्न आहे तो शिकून आलेल्या सिस्टरला वॉर्डात वेगळे काही करू दिले जाते का, हा.

पूर्वपीठिका : रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने रुग्णसेवेच्या शिक्षणात लवकर लक्ष घातले. तेव्हाच्या पांढरपेशा घरांत हे काम हलके समजले जाई. परक्या पुरुषाची शुश्रूषा आणि रात्रपाळी या दोन्हींना घरातून विरोध होता. तरीही सेवासदनाच्या विद्यार्थिनी, त्यांत विधवाही, ससूनमध्ये शिकू लागल्या. बाईला स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण म्हणून परिचर्येकडे पाहण्याची ही पुणेरी परंपरा पुढेही टिकली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची कर्वेनगरातली परिचर्या शिक्षणाची शाखा त्याच वळणाची आहे.

नोंदणी आणि तास : महाराष्ट्रातील नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, तिचा आधार 1966 चा राज्य कायदा. देशपातळीवरील भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याने आली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. नोंदणीचे नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावे लागते आणि भारतीय परिषदेच्या निकषानुसार त्या काळात 150 तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित आहे, म्हणजे वर्षाला 30 तास. कार्यशाळा, परिषदा आणि ऑनलाइन वर्ग यांतून हे तास जमवायचे, प्रमाणपत्रे फाइलला लावायची.

व्यवहारात तास जमतात, पण ते कोणत्या विषयाचे हे कोणी फारसे विचारत नाही. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने ताणतणाव व्यवस्थापनाची चार व्याख्याने ऐकली तरी हिशेब पूर्ण होतो. ब्रिटनमध्ये 2016 पासून दर 3 वर्षांनी पुनर्मान्यता घ्यावी लागते. तिथे तासांची अट फक्त 35 आहे. पण शिकलेल्याने किंवा मिळालेल्या अभिप्रायाने स्वतःच्या कामात काय बदलले याची पाच टिपणे लिहून सहकाऱ्याशी त्यावर चर्चा करावी लागते. वर्षाच्या हिशेबाने आपल्या निकषात तास अडीचपटीहून जास्त आहेत, असे टिपण मात्र नाही.

दुसरी अडचण ड्यूटीची. कार्यशाळा सकाळी नऊला सुरू होते आणि नाइट करून आलेली सिस्टर थेट सभागृहात येऊन बसते. इन्चार्जने ऑफ दिला तर ठीक, नाहीतर स्वतःची रजा खर्ची पडते. बऱ्याच जणींच्या बाबतीत फीदेखील पदरचीच.

सेवांतर्गत प्रशिक्षण : खरे शिक्षण बहुतेकदा वॉर्डात होते. एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे संसर्ग नियंत्रण, औषध देताना होणाऱ्या चुका, जैववैद्यकीय कचरा, हृदयफुप्फुस पुनरुज्जीवन हे विषय फिरून फिरून येतात. बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) आणि एसीएलएस (प्रगत हृदय-जीवरक्षण) ही प्रमाणपत्रे 2 वर्षांनी नव्याने घ्यावी लागतात आणि नोकरी बदलताना पहिल्यांदा तीच पाहिली जातात. सरकारी यंत्रणेत सुरक्षित प्रसूतीचे 21 दिवसांचे प्रशिक्षण आणि नवजात शिशूंच्या काळजीचे छोटे वर्ग आहेत. ग्रामीण भागातल्या एएनएमसाठी (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) याच वर्गांचे मोल सर्वांत जास्त आहे, कारण उपकेंद्रात रात्री विचारायला जवळ कोणी नसते.

साथ आली की शिक्षणाचा वेग बदलतो. 2009 च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच आढळले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. पीपीई किट चढवणे-उतरवणे, ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणे, रुग्णाला पालथे झोपवणे हे तेव्हा एकीने दुसरीला उभ्या उभ्या शिकवले. जनरल वॉर्डातून आयसीयूत आलेल्या सिस्टर्स व्हेंटिलेटरही असाच शिकल्या. या शिकण्याचे तास कुठल्याच फाइलला लागलेले नाहीत.

पदाची शिडी : जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) ही तीन वर्षांची पदविका झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी अभ्यासक्रम खुला आहे. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी करता येते. या पदव्या राज्यात मुख्यतः महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना 1998, नाशिक) कक्षेत येतात. अभिमत विद्यापीठे आपल्या पदव्या स्वतः देतात. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह, मनोरुग्ण परिचर्या अशा विषयांत एक वर्षाच्या पदविकाही आहेत.

सरकारी सेवेतली शिडी अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढते, आणि ती प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने व रिकाम्या जागांच्या हिशेबाने चढली जाते. पाठ्यनिर्देशिकेची वाट अध्यापनाकडे जाते. खासगी रुग्णालयात इन्चार्ज, सुपरवायझर, मेट्रन असा क्रम असतो. एमएस्सी झालेली सिस्टर बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते, कारण तिच्या पदवीला मान तिथे मिळतो. परिणामी सर्वांत जास्त शिकलेली व्यक्ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत महागडा दोष आहे.

नर्स प्रॅक्टिशनर : हा दोष दूर करू शकेल अशी भूमिका म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. 1965 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी तिचा पहिला अभ्यासक्रम उभा केला. वैद्यकीय सेवा न पोहोचलेल्या मुलांची तपासणी परिचारिकेने करावी, हा त्यामागचा हेतू. आज तिथल्या अनेक राज्यांत ती स्वतंत्रपणे रुग्ण तपासते व औषधे लिहून देते.

भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला तो दोन वर्षांचा, पदव्युत्तर आणि निवासी स्वरूपाचा. बीएस्सीनंतर कामाचा अनुभव घेऊन यायचे आणि बहुतेक वेळ अतिदक्षता विभागातच शिकायचे. तयार झालेल्या परिचारिकेने ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत तपासण्या सांगाव्यात, औषधाची मात्रा कमी-जास्त करावी, काही प्रक्रिया कराव्यात, अशी कल्पना आहे. प्रसूतिविद्येसाठीही असा अभ्यासक्रम आहे. केंद्राने 2018 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

कागदावर हे सारे सुरेख आहे. घोडे अडते ते पदावर. रुग्णालयाच्या आस्थापनेत त्या नावाची जागाच नसेल, तर शिकून आलेली परिचारिका पुन्हा आयसीयूची इन्चार्ज होते आणि ड्यूटीचा तक्ता बनवते. सल्लागार डॉक्टर तिच्या निर्णयावर सही करायला तयार आहे का, चूक झाली तर जबाबदारी कोणाची, हे त्या त्या रुग्णालयाने लेखी ठरवले नसेल तर तीही हात आखडता घेते आणि त्यात तिचे काही चुकत नाही.

इतर वाटा : वारजे येथे 1997 पासून चालणारे सिप्ला उपशामक उपचार केंद्र कर्करुग्णांची काळजी घेते आणि परिचारिकांना प्रशिक्षणही देते. वेदनाशमन आणि मरणाऱ्याशी बोलणे या गोष्टी मूळ अभ्यासक्रमात धावत्या उरकल्या जातात, म्हणून अशा केंद्राचे महत्त्व वेगळे. मनोरुग्ण परिचर्येच्या अनुभवासाठी विद्यार्थ्यांना येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे. अवयव प्रत्यारोपण समन्वयक होण्यास 2014 च्या नियमांनुसार परिचारिका पात्र ठरतात. संसर्ग नियंत्रण परिचारिका हे पद मोठ्या रुग्णालयांत आता रुळले आहे. ते रात्रपाळीतून सोडवते, हेही त्याचे एक आकर्षण.

परदेश : ब्रिटन, आयर्लंड यांकडे जाणाऱ्यांसाठी ओईटी ही इंग्रजी भाषेची, तर अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स ही परिचर्येच्या परवान्याची परीक्षा असते. जर्मनीची ओढ पुण्यात विशेष दिसते, कारण मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे शहरात जर्मन शिकण्याची सवय जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यात परिचर्येचाही समावेश आहे. तिथे पूर्ण मान्यतेसाठी जर्मनची बी 2 पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांतली चौथी) लागते. ड्यूटी सांभाळून हा टप्पा गाठायला दीड-दोन वर्षे सहज जातात. पण इथल्या दुसऱ्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा पगारात मोठा फरक त्यानेच पडतो, म्हणून संध्याकाळच्या जर्मन वर्गांना परिचारिका पदरचे पैसे भरून येतात.