ऑरियस

प्राचीन रोमचे सोन्याचे नाणे. कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात रोमने सोन्याची नाणी पाडली होती, पण ती युद्धखर्चापुरती सोय होती. नियमित ऑरियस ज्यूलियस सीझरपासून, साधारणपणे इ. स. पू. ४६ पासून धरतात. त्या वेळी एका रोमन पौंड सोन्यातून ४० नाणी निघत (प्रत्येकी सु. ८ ग्रॅ.). सम्राट नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास ४५, तर कॅराकॅलाने सु. २१५ मध्ये ५० काढली. चांदीचे २५ दिनेरियस म्हणजे एक ऑरियस. पुढे सम्राट कॉन्स्टंटीनच्या सॉलिडस या सोन्याच्या नाण्याने (पौंडास ७२) त्याची जागा घेतली.

सीझरच्या नाण्यावर पदर घेतलेल्या स्त्रीचे मस्तक आणि मागे पुरोहिताची उपकरणे आहेत. ही स्त्री व्हेस्टा (चुलीची देवता) की पायटस (कर्तव्यनिष्ठेची देवता), याबद्दल एकमत नाही. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या नाण्यावर (इ. स. पू. ४२) एका बाजूस त्याचे मस्तक, तर दुसऱ्या बाजूस दोन खंजिरांमध्ये मुक्त झालेल्या दासाची टोपी व १५ मार्च या हत्येच्या दिवसाचा निर्देश आहे. सीझरच्या हत्येचा इतका उघड गौरव नाण्यावर व्हावा, हे विलक्षणच. या प्रकारची सोन्याची नाणी मोजकीच उरली आहेत. ऑगस्टसने ढाल-भाल्यांसह उभे असलेले गायस व लूशियस हे दत्तक पुत्र दाखवून वारसा जाहीर केला. टायबीरियसच्या नाण्यावरील राजदंड व फांदी धरून बसलेली स्त्री त्याची आई लिव्हिया असल्याचे पुष्कळांचे मत आहे. मात्र नाव कोरलेले नसल्याने तिला शांतिदेवता मानणे अधिक सुरक्षित. पाहणाऱ्यास लिव्हियाची आठवण होत असावी, एवढे म्हणता येते.

भारतात ऑरियस मुख्यतः दक्षिणेत सापडतात. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये मिळालेल्या सुमारे ५०० नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव आहे. सोन्याचा कस पाहण्यासाठी किंवा प्रतिमेला असलेल्या विरोधातून तो घातला असावा, असे तर्क झाले आहेत. चलन म्हणून नाणे बाद करून केवळ सोने म्हणून ठेवण्याची ही खूण असावी, हे मत अधिक पटते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने नाशिकच्या लेण्यातील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख महत्त्वाचा आहे. त्यात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब दिला आहे. हे ‘सुवर्ण’ कुशाणांचे नाणे असावे, असा एक पक्ष आहे, तर ते ऑरियस असावे, असा दुसरा. पण नहपानाचा काळच वादग्रस्त असून तो इ. स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवल्यास ऑरियसचा पक्ष बळकट होतो. बॅरिगाझा (भडोच) बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल फायद्याची ठरे, असे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनात नमूद आहे. मराठवाड्यातील तेर येथे रोमन नाण्यांच्या धर्तीवरची मातीची पदकेही मिळाली आहेत. ती अलंकार म्हणून वापरली जात असावीत.