रिकामा डबा परत जात नाही

दिवाळीत आमच्या ओट्यावर शेजारच्या काकूंचा एक स्टीलचा डबा हटकून असतो. झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, हीच त्याची ओळख. आमच्या डब्यांवर आईचं नाव आणि लग्नाचं साल कोरलेलं आहे, त्यामुळे अदलाबदलीचं भय नाही. एका वर्षी भाऊबीज होऊन आठवडा उलटला तरी काकूंचा डबा आमच्याकडेच. मी तो धुतला, पुसला आणि द्यायला निघाले. आई दारात आडवी आली. फराळ संपला होता, म्हणून तिने डब्यात मूठभर साखर घातली आणि झाकण लावलं. "रिकामा डबा देतात का कधी?" एवढंच स्पष्टीकरण.

हिशेबाने पाहिलं तर हा सगळा वेडेपणा. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. चारही घरांत चिवडा, चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. प्रत्येक घरातून उरलेल्या तिघांकडे डबा जातो, म्हणजे एकूण बारा फेऱ्या. शेवटी प्रत्येकाकडे साधारण तेवढाच फराळ, फक्त कुणाची चकली जरा मऊ.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली नाताळच्या भेटींचा असाच हिशेब मांडला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, मिळालेल्या वस्तूची बाजारात किंमत किती असेल? आणि भावना बाजूला ठेवून, तुमच्या लेखी तिचं मोल किती? दुसरा आकडा कमी भरला. देणाऱ्यांनी खर्च केलेल्या पैशांतला 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग पाण्यात जातो, असा त्याचा अंदाज. नासाडी लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त, मित्रमैत्रिणींच्या भेटींत कमी. संक्रांतीच्या वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांनी ज्यांचा माळा भरलाय, त्यांना हे पटायला येलची गरज नाही. पण खरी मेख त्या प्रश्नातच आहे. भावना बाजूला ठेवून डब्याची किंमत सांग म्हटलं, तर आई विचारणाऱ्यालाच बाजूला ठेवील.

भावना म्हणजे तरी नेमकं काय, हे कळायला मला वटवाघळांची मदत झाली.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी व्हॅम्पायर वटवाघळं असतात. रात्री गुराढोरांच्या अंगाला बारीक चावा घ्यायचा आणि रक्त चाटायचं, हा त्यांचा चरितार्थ. शिकार रोज मिळतेच असं नाही, आणि दोन-तीन रात्री उपास घडला तर जीवच जातो. कोस्टा रिकात काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ जेरल्ड विल्किन्सन यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं, की पोट भरून आलेली मादी उपाशी परतलेल्या मादीच्या तोंडात आपल्या पोटातलं थोडं रक्त ओकून घालते. ऐकायला किळसवाणं आहे खरं, पण व्यवहार चोख आहे. जिचं पोट भरलंय तिचं त्या चार घोटांनी फारसं बिघडत नाही, उपाशी असलेलीला मात्र आणखी एक रात्र मिळते. दोघींकडच्या रक्ताचं वजन केलं तर फायदा शून्य. वेळ लक्षात घेतली तर एक जीव वाचला.

ही केवळ नात्यागोत्यातली माया असेल, असं वाटणं साहजिक आहे. जेरल्ड कार्टर आणि विल्किन्सन यांनी 2013 मध्ये पिंजऱ्यातल्या वटवाघळांवर प्रयोग केले, तेव्हा वेगळंच दिसलं. कोण कुणाला भरवेल हे ठरवताना रक्ताच्या नात्यापेक्षा ‘हिने मला पूर्वी भरवलं होतं का’ हे जास्त महत्त्वाचं ठरत होतं. पुढे कार्टर यांच्या गटाने एकमेकींना अनोळखी असलेल्या माद्या एकत्र ठेवून पाहिल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी रक्त दिलं नाही. आधी एकमेकींचं अंग चाटून साफ केलं, मग ते वाढवत नेलं, आणि त्यातल्या काही जोड्या पुढे भरवण्यापर्यंत पोचल्या.

नव्या शेजाऱ्यांकडे आपणही आधी वाटीभर खीरच पाठवतो. तिच्यामागून भांडं परत येतं, मग कोथिंबीर मागितली जाते, मग घराची किल्ली ठेवायला दिली जाते. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर ज्या दारावर थाप पडते ते बहुतेक वेळा डबे जाणाऱ्या-येणाऱ्या घराचंच असतं. फराळाच्या बारा फेऱ्या मला तरी या रात्रीची रंगीत तालीम वाटतात.

परतफेडीची ही ओढ किती चिवट असते, हे अमेरिकेत युटा राज्यातल्या फिलिप कुन्झ या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात पाहिलं. त्याने सुमारे 600 अनोळखी लोकांना नाताळची शुभेच्छापत्रं धाडली. शंभराहून जास्त लोकांनी उलट पत्रं पाठवली. हा कोण, कुठला, याचा पत्ता नसताना! औषधकंपन्या डॉक्टरांना पेनं, डायऱ्या, मिठाईचे खोके फुकट का वाटतात, याचं उत्तर इथेच आहे.

धर्मशास्त्राला मात्र ही देवघेव फारशी मानवत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान म्हणजे जो उलट उपकार करणार नाही अशाला, योग्य स्थळी-काळी दिलेलं. परतफेडीच्या आशेने दिलेलं ते राजस. त्या मापाने आमचा सगळा मजला राजसच ठरतो.

तरी देण्यातला आनंद केवळ परतफेडीच्या आशेवर उभा नाही. मानसशास्त्रज्ञ लारा अकनिन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दोन वर्षांहूनही लहान मुलांना खारी बिस्किटं दिली आणि समोर माकडाची एक बाहुली बसवली. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुलीला भरवताना मुलांचे चेहरे जास्त खुलले. त्यातही स्वतःच्या वाटणीचं बिस्कीट देताना सगळ्यात जास्त. बाहुली काय परत देणार?

ओरेगॉन विद्यापीठातला 2007 सालचा प्रयोग तर मला खास सणाचा वाटतो. 19 बायकांना 100 डॉलर देऊन मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. त्या पैशांतले काही कधी सक्तीने, कराप्रमाणे, अन्नछत्राच्या कामाला जात, कधी त्या स्वतःहून देत. सक्तीने गेले तरी मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा होत होता. स्वखुशीने दिले की आणखी जास्त. ओवाळणी, पोस्त, वाण हे सगळं या दोन टोकांच्या मधलं. द्यावं तर लागतंच, पण किती आणि कसं, हे आपल्या हातात. नाइलाजाने पाकीट भरायला बसलेला माणूस ऐनवेळी त्यात आणखी एक नोट सारतो, ती मधल्या जागेतली.

गेल्या दिवाळीत काकूंनी फराळ पातळ प्लॅस्टिकच्या डब्यातून पाठवला. "धुवायची कटकट नको, आणि डबा परत नको," असा निरोपही होता. आईने चिवडा काढून घेतला आणि तो डबा हातात धरून जरा वेळ उभी राहिली. मग तिने आपल्या लग्नाचं साल कोरलेला स्टीलचा डबा काढला, चकल्यांनी भरला आणि मला शेजारी पिटाळलं. तो डबा अजून काकूंकडेच आहे. आईने मागितलेला नाही.